लेख एकदा, कमाई कायमची?

आपल्या वसमतची हळद शिजवून, वाळवून ठेवली की भावासाठी थांबता येते. लेखही तसाच, एकदा लिहा आणि बसल्याजागी कमवा, असे सांगणारे हल्ली भेटतात. गुरुजी, आधी व्यवहार पाहू.

'स्टीमिट' हे लेखनाचे व्यासपीठ २०१६ साली निघाले. ते ब्लॉकचेनवर चालते. म्हणजे हिशेबाची वही एकाच्या कपाटात नसते, तिच्या नकला पुष्कळ संगणकांवर असतात. वाचक मत देतात आणि मोबदला तिथल्याच नाण्यात मिळतो. ज्याच्याजवळ गुंतवलेली नाणी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. (हे काही आपल्याला नवे नाही!) शिवाय लेखाची कमाई मोजतात पहिल्या सात दिवसांचीच. आठव्या दिवशी वाचक येईल, पैसा येणार नाही.

नाण्याचा भाव म्हणाल, तर जानेवारी २०१८ मध्ये आठ डॉलरच्या आसपास. वर्षअखेर अर्ध्या डॉलरच्याही खाली.

तेव्हा हौसेने लिहा, जरूर लिहा. लिहायला भांडवल लागत नाही. हळदीचे पैसे मात्र नाण्यांत घालू नका. आणि नाणी विकून नफा झालाच, तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर आहे; एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.