जाणता हात



 फिजिओथेरपी व्यवसायाच्या वाटचालीचा आढावा या अधिवेशनात चिटणीसांनी घेतलाच आहे, त्यात मी भर घालत नाही. मला आज आपल्या हातांविषयी बोलायचं आहे. स्नायूंच्या आणि नसांच्या दुखण्यात हाताने काय साधतं, कुठे हात थांबला पाहिजे, आणि तो आपण हळूहळू का सोडून देतो आहोत, याविषयी.

या देशात आपला व्यवसाय रुजला तो पोलिओमुळे. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण केल्यावर त्यांनी इतरांच्या मुलांसाठी १९४७ साली मुंबईत दवाखाना काढला. १९५३ साली परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. त्या पिढीजवळ यंत्रं जेमतेम होती. गरम शेक, चटई, आधाराच्या दांड्या आणि हात. कुठल्या स्नायूत किती जीव उरला आहे, हे त्या पिढीने बोटांनी ओळखलं. जानेवारी २०११ नंतर भारतात रानटी पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. आता आपल्याकडे येतात ते कंबर, मान, खांदा आणि गुडघा धरलेले लोक.

त्याही मागे गेलो तर लंडनला पोचतो. १८९४ साली चार परिचारिकांनी तिथे मालीश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली. मालिशीच्या नावाखाली नको ते धंदे चालत होते आणि वर्तमानपत्रांत त्याचा बभ्रा झाला होता. या चौघींनी परीक्षा सुरू केल्या, नियम केले, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उपचार करायचा नाही असं ठरवलं. ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची आजची संघटना ही त्याच संस्थेची वारस. म्हणून ‘आम्ही काय मालीशवाले आहोत का?’ असं आपल्यातलं कुणी तोऱ्यात म्हणालं की मला वाईट वाटतं. आपला वंश तोच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या घरांत तर हे ज्ञान फार आधीपासून आहे. आयुर्वेदाने अभ्यंग दिनचर्येतच घातला. बाळंतिणीला तेल लावायला येणारी बाई कंबरेवर तळवा कसा टेकवते, ते आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा बसून पाहावं. कोल्हापूरच्या तालमींत पोरं एकमेकांना रगडतात, तेव्हा पोटरीवर किती जोर द्यायचा आणि गुडघ्यामागे हात हलका कधी करायचा, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

आता हाताने नेमकं होतं काय? गुडघा आपटला की माणूस आधी तिथे चोळतो. त्याने बरं का वाटतं, याची पटणारी उपपत्ती रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडली. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप जाड, वेगवान तंतूंमधून जातो. वेदनेचा निरोप बारीक, संथ तंतूंमधून. दोन्ही मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येतात, आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की वेदनेला वर जायला अडथळा होतो. त्या मांडणीच्या तपशिलांत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला. किती दुखायचं हे दुखावलेल्या जागेबरोबरच मज्जारज्जूत आणि मेंदूतही ठरतं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं, तेही याच वाटेवरच्या कामासाठी. ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढत उष्णता ओळखणारं प्रथिन शोधलं, पटापुटियन यांनी दाब ओळखणारं. आपले रोजचे दोन उपचार, शेक आणि दाब, शरीराला कळतात ते अशा प्रथिनांमुळे.

काही समजुती मात्र आता सोडायला हव्यात. मालीश केल्याने स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, असं आपल्यातले पुष्कळ जण अजून रुग्णांना सांगतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, एकाच पायाला दहा मिनिटं मालीश केली आणि दोन्ही मांड्यांमधले स्नायूंचे कण तपासले. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मालीश झालेल्या स्नायूत दाहाचे संकेत मात्र मंदावले होते. ११ जणांवरचा अभ्यास लहानच म्हणायचा, पण जे दिसलं ते आपल्या पाठांतराच्या विरुद्ध होतं.

दुसरी समजूत गाठीची. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूतल्या दुखऱ्या बिंदूंचे नकाशे काढले. मानेतला बिंदू दाबला की कळ कपाळाकडे कशी जाते, ते आपण रोज पाहतो. पण ती गाठ म्हणजे नक्की काय, यावर अजून वाद आहे. आणि ‘गाठ फोडतो’ म्हणत कोपराने असं दाबायचं की दुसऱ्या दिवशी अंग काळंनिळं पडावं, हा उपचार नव्हे. दाब सोसवेल इतकाच असावा. रुग्णाने श्वास रोखला, मूठ आवळली, की आपण जास्त दाबतो आहोत हे ओळखावं.

मित्रहो, मालिशीचा आराम खरा असतो आणि थोडा वेळ टिकतो. कंबरदुखीवरच्या मालिशीच्या चाचण्यांचा २०१५ चा कॉक्रेन आढावाही तेच सांगतो: सुरुवातीला उतार पडतो, पुढे तो फारसा उरत नाही, आणि पुरावाही भक्कम नाही. काहींना यात मालिशीचा पराभव दिसतो. मला यात आपलं काम दिसतं. तो जो थोडा वेळ मिळतो, त्यात रुग्णाला हलतं करायचं.

एक उदाहरण सांगते. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेली एक बाई माझ्याकडे आली होती. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हे तिचं रोजचं काम. कंबरेतून पोटरीपर्यंत चमक, पायाच्या अंगठ्याला मुंग्या. पाय सरळ ठेवून उचलला की अर्ध्या वाटेतच ती कळवळायची. अंगठा वर उचलायची ताकद शाबूत होती, लघवीची तक्रार नव्हती, ताप नव्हता. हे सगळं विचारून, तपासून झालं, मगच हात लावला. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ओल्या सुंभासारखे ताठले होते. पहिल्यांदा नुसता तळवा टेकवून ठेवला. मग तळव्याच्या टाचेने, कण्याला समांतर, खालून वर, सावकाश. थोड्या वेळाने तिचा श्वास खोल झाला, खांदे खाटेला टेकले. तेवढ्यात तिला पालथं राहून कोपरांवर छाती उचलायला सांगितलं. दोन-चार वेळा केल्यावर ती म्हणाली, ‘बाई, पोटरीतलं वर सरकलं, आता कुल्ल्यातच हाय.’

पायातली कळ वर सरकत कंबरेकडे येणं हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५६ साली हे पाहिलं, तेही योगायोगाने. डोक्याकडची बाजू उचललेल्या खाटेवर एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ गेली. मॅकेन्झी यांनी तो योगायोग सोडून दिला नाही, आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला. सगळ्यांनाच मागे वाकणं मानवत नाही. काहींची कळ त्याने आणखी खाली उतरते, मग दिशा बदलायची. म्हणूनच आधी हाताने आणि डोळ्यांनी तपासायचं.

त्या बाईला मी म्हटलं, दहा दिवस ये. ती म्हणाली, ‘उचल घेतलीय मुकादमाची. दहा दिवस कुठनं आणू?’ तिला उभ्याने, हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचा व्यायाम शिकवला, फडात दोन मोळ्यांच्या मध्ये करता येईल असा. मोळी उचलताना गुडघ्यात कसं बसायचं ते नवऱ्यालाही दाखवलं, कारण ऊसतोडीतला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडीच. आपली पाठ्यपुस्तकं ज्यांच्याजवळ वेळ आणि पैसा आहे अशा रुग्णांसाठी लिहिलेली आहेत. महाराष्ट्रात दुखणं घेऊन राबणारा माणूस एकदाच येतो. त्या एका भेटीत त्याच्या हाती काय द्यायचं, हे आपल्या अभ्यासक्रमात आलंच पाहिजे.

शहरातल्या दुखण्याची तऱ्हा निराळी. तिथला रुग्ण एमआरआयची पिशवी घेऊन येतो आणि म्हणतो, ‘माझ्या मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे.’ तो वाकायचं सोडतो, बाळाला उचलायचं सोडतो, वर्षानुवर्षं पट्टा बांधून बसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांचे स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज होती, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे त्या चित्रातली झीज पुष्कळदा केसांच्या पांढरेपणाइतकीच वयाला धरून असते. सरकलेली चकती अनेकदा आपोआप आक्रसते, आणि सायटिकाचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना सुधारतात. हे रुग्णाला समजावून सांगायला वेळ लागतो. पण पाठीवर हात असताना सांगितलेलं त्याच्या मनात उतरतं, असा माझा अनुभव आहे.

आणि इथे मला आपल्याच घरातली गोष्ट काढावी लागते. रुग्ण येतो, सहायक त्याला आडवं करतो, करंटचे पॅड चिकटवतो, वजन लावतो, घड्याळ लावून निघून जातो. दहा बैठकांचं पॅकेज आधीच भरलेलं असतं. फिजिओथेरपिस्टचा हात त्याच्या अंगाला लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आहे, रुग्णशिक्षण आहे, मालीशही आहे. वजन लावणं आणि कंबरपट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं त्यांत म्हटलं आहे. आपल्या कित्येक दवाखान्यांत नेमकं याच्या उलट चाललं आहे. यंत्र विकत घेतलं म्हणून ते प्रत्येकाला लावायचं, हे थांबलं पाहिजे.

हाताची सीमाही सांगितली पाहिजे. लहान मुलाचा कोपर मोडला आणि घरच्यांनी तो तेल लावून चोळून घेतला, तर स्नायूत हाड धरतं आणि हात कायमचा आखडतो. ही मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, तर ती चोळू नये. शिरेत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाठ दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं, तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी मनात यावा. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर एक तासही न दवडता शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात पाठवायचं. तिथे मालीश नको, शेक नको, ‘उद्या बघू’ तर नकोच.

हे ज्ञान आपल्यापुरतं ठेवून भागणार नाही. गावात दुखणं आधी पोचतं ते तेल लावणाऱ्या मावशीकडे, हाडवैद्याकडे, तालमीतल्या वस्तादाकडे. त्यांना हिणवून रुग्णाचं भलं होणार नाही. त्यांच्या हातात आहे ते त्यांच्याकडून शिकावं, आणि कुठे थांबायचं ते आपण त्यांना शिकवावं. आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपल्या व्यवसायाला देशपातळीवर मान्यता मिळाली. त्या मान्यतेबरोबर ही जबाबदारीही आली.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, पदवीच्या प्रत्येक वर्षी हाताने तपासण्याची आणि हाताने उपचार करण्याची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा असावी, अशी विद्यापीठाकडे मागणी करणारा. दुसरा, आपल्या प्रत्येक जिल्हा शाखेने मालीशवाल्या बायका, हाडवैद्य आणि वस्ताद यांच्यासाठी वर्षातून एकदा मोफत वर्ग घ्यावा. त्यात मघाशी सांगितलेली धोक्याची लक्षणं मराठीतून, चित्रांसह शिकवावीत, आणि ऊसतोडीच्या हंगामात हे वर्ग साखर कारखान्यांच्या तळांवरही भरावेत. वर्ग घ्यायला जे तयार असतील, त्यांनी दुपारच्या सत्राआधी आपलं नाव आणि तालुका चिटणीसांकडे नोंदवावा. सगळ्यात वर माझं नाव मी लिहिलेलं आहे.