कपाटाची किल्ली कोणाकडे?

आज हप्त्याचं, कर्जाचं काही बोलणार नाही. आज पाळीबद्दल बोलायचंय. घरात बाप्ये बसले असतील तर बसू द्या, रेडिओचा आवाज कमी करू नका. त्यांच्याही लेकी कॉलेजात जातात.

माझी भाची तालुक्याच्या कॉलेजात सायन्सला आहे. सकाळी सहाची एसटी धरते, घरी यायला पाच वाजतात. गेल्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलच्या परीक्षेदिवशी तिला पाळी आली, चार दिवस आधीच. पिशवीत काही नव्हतं. कॉलेजात पॅड मोफत मिळतात, तसा बोर्डच लावलाय. पण पॅड कपाटात, कपाट ऑफिसात, किल्ली शिपाईमामांकडे, आणि वहीत नाव, वर्ग लिहून सही करायची. ऑफिससमोर फी भरायला पोरांची रांग. भाची दारापर्यंत गेली, जरा वेळ उभी राहिली आणि मागे फिरली. ओढणी कमरेला गुंडाळून स्टँडवर आली. परीक्षा बुडाली. रात्री तिचे वडील म्हणाले, जमत नसेल तर राहू दे ते कॉलेज.

कपाट भरलेलं होतं बरं का. कागदावर सगळं मोफतच होतं.

तेव्हापासून मी विचारत सुटले, की दुसरीकडे हे कसं करतात. एका ताईंनी मला स्कॉटलंडची माहिती काढून दिली. इंग्लंडच्या वर, उत्तरेला हा देश आहे. माणसं साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. श्रीमंत मुलुख, पण तिथेही पैशाअभावी पोरी कागद, जुने मोजे वापरून दिवस काढत होत्या. २०१७ मध्ये ॲबर्डीन शहरात आधी थोड्या बायकांना मोफत वस्तू देऊन पाहिलं. २०१८ मध्ये सरकारनं ५२ लाख पौंड काढले आणि देशभरातल्या शाळा, कॉलेजं, विद्यापीठांतल्या ३ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांसाठी सोय केली. मग मोनिका लेनन नावाच्या बाई, तिथल्या आमदार, त्यांनी कायदाच करा म्हणून लावून धरलं. २४ नोव्हेंबर २०२० ला मत पडलं. बाजूनं १२१, विरोधात एकही नाही. १५ ऑगस्ट २०२२ पासून कायदा पूर्ण लागू झाला.

या कायद्यात नुसतं ‘मोफत द्या’ म्हणून भागवलेलं नाही. वस्तू सहज मिळाली पाहिजे. मान राखून मिळाली पाहिजे. आणि एकाच प्रकारची माथी मारायची नाही, निवड हवी. शिवाय काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, कसं द्यायचं, हे वापरणाऱ्यांना विचारून ठरवायचं. मला त्यातलं ‘मान राखून’ फार पटलं. तिकडे अनेक विद्यापीठांत पॅडची टोपली किंवा डबा सरळ स्वच्छतागृहातच असतो. विचारायचं नाही, सही नाही. हात घातला, घेतलं, झालं.

चुका त्यांच्याही झाल्या. २०२२ मध्येच डंडी शहराच्या भागातल्या कॉलेजांनी आणि पालिकांनी मिळून या कामासाठी एक अधिकारी नेमला. तो निघाला पुरुष! बायकांनी असा गलका केला, की महिनाभरात ते पदच रद्द करावं लागलं. माझं विचाराल तर पुरुषानं हे काम करायला हरकत नाही. आमचे शिपाईमामाही भले गृहस्थ आहेत. पण पोरीला त्यांच्यापुढे हात पसरायला लावायचं कशाला?

आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. २०१८ च्या महिला दिनाला अस्मिता योजना आली, तेव्हा आपल्यासारख्या बचत गटांनीच पाकिटं विकली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत. पण तो भाव शाळेतल्या मुलींचा. पोरगी कॉलेजला गेली, की त्यातून बाहेर.

आता हिशेब करू, तो आपल्याला येतो. जन औषधी दुकानात एक पॅड एक रुपयाला मिळतं. समजा कॉलेजात दोनशे मुली आहेत आणि प्रत्येकीला महिन्यातून दोन पॅड तिथे लागले. झाले चारशे रुपये. संक्रांतीच्या वाणाला एकेकजण यापेक्षा जास्त घालवते.

हा हिशेब घेऊन आम्ही गटाच्या पाचजणी कॉलेजच्या मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, “उघडं ठेवलं तर पोरी पिशव्या भरून घरी नेतील.” आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आत्या पटकन बोलल्या, “नेऊ दे की. घरी आई आहे, धाकटी बहीण आहे. गाईच्या शेणात तर नाही ना टाकणार?” मॅडम हसल्या, आणि तिथून बोलणं सोपं झालं.

मग मुलींनाच विचारलं. आम्हाला वाटलं, त्या पॅडचंच बोलतील. त्यांनी आधी कडी मागितली! मुलींच्या संडासाच्या तीनपैकी दोन दारांना आतून कडीच नव्हती. एकीनं बाहेर उभं राहून दार धरायचं, मग दुसरीनं जायचं. मग नळाला पाणी मागितलं. मग झाकणाचा डबा, कारण वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून दिवसभर दप्तरात घेऊन फिरायच्या, नाहीतर भांड्यात टाकायच्या आणि ते तुंबायचं. डबा रोज रिकामा करणाऱ्या मावशींना हातमोजे द्यायचे, हेही मुलीच म्हणाल्या.

कडी-कोयंड्याला सुतारानं अर्धा दिवस घेतला. पाण्याची अडचण अजून आहे, दुपारनंतर टाकी संपते, ड्रम भरून ठेवावा लागतो. पॅडचा खोका भिंतीला लावलाय, कुलूप नाही, वही नाही. पैसे कॉलेज देतं, आणून भरायचं काम आमच्या गटाकडे.

पहिल्यांदा शंभर पॅड ठेवले, ते तीन दिवसांत संपले. मॅडमचा फोन आला, “बघा, मी म्हणत नव्हते?” आम्ही पुन्हा शंभर भरले. ते आठवडाभर गेले. उद्या खोका रिकामा दिसेल म्हणून ज्या पोरी चार-चार नेत होत्या, त्या आता लागेल तेवढंच घेतात. गेल्या महिन्यात सगळे मिळून दोनशे सत्तर लागले. भाचीनं परीक्षा पुन्हा दिली. येत्या सोमवारी खोका भरायची पाळी माझी आहे.