हिशेबनिसाचा पगार कोण देणार?

हेडफोन लावलेत ना? आज पैशांबद्दल बोलायचंय. तुमच्या-माझ्या नाही, गावातल्या लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्थांच्या.

गेली सहा वर्षं मी अशा छोट्या संस्थांना देणगीसाठीचे प्रस्ताव लिहून देते. महिलांचे गट, वनहक्कावर काम करणारी मंडळी, असे लोक. प्रस्तावात शिलाई मशीन मागा, मिळतं. रोपं मागा, लगेच मिळतात, फोटोही छान येतात. पण खाली 'हिशेबनीस, महिना बारा हजार' असं लिहिलं की समोरून फोन ठरलेला. "हे जरा कमी करता येईल का?" बरं, याच लोकांना दर तीन महिन्यांनी अहवाल हवा, पावत्या हव्यात, ऑडिट हवं. ते कोण करणार, शिलाई मशीन?

त्यात कायदेही घट्ट झालेत. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला पूर्वी 50 टक्क्यांपर्यंत मुभा होती. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती 20 वर आली. आणि एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. शहरातली मोठी संस्था पैसे आणायची आणि गावातल्या छोट्या संस्थेपर्यंत पोचवायची, तो रस्ताच बंद. राहिला कंपन्यांचा सीएसआर. तिथे नोंदणी, 12ए, 80जी आणि बहुतेक वेळा तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. ज्यांना पहिल्या वर्षी उभं राहायलाच पैसे हवेत, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून?

आता मेंढा (लेखा). गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात. नाव ऐकलं असेल. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागलं. व्हिडिओत आपण एवढंच बघतो. त्याआधीची वीसेक वर्षं कुणी दाखवत नाही. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल. अभ्यासगट बसतोय, कायदा समजून घेतोय, ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चाललीये. सांगा, हे कुठल्या प्रस्तावात बसवणार? 'या वर्षीची निष्पत्ती: खूप बोललो'? मी लिहून पाठवलं तर पहिल्याच फेरीत बाद होईल. पण बांबू विकायची ताकद त्या बोलण्यातूनच आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्या गावांकडे बांबू नसतो, मान्य. माविमची लोकसंचालित साधन केंद्रं बघा. बचत गटांनी मिळून चालवलेली. गट सेवाशुल्क भरतात, केंद्राची इतर थोडीफार कमाई असते, त्यातून व्यवस्थापक, हिशेबनीस, सहयोगिनी यांचे पगार निघतात. पगार बायकाच देतात म्हटल्यावर जाबही बायकाच विचारतात. पण हेही फुकटात उभं राहिलं नाही. मागे सरकारचा 'तेजस्विनी' कार्यक्रम होता, आयफॅडचं कर्ज होतं, आणि तेही एक-दोन वर्षांपुरतं नव्हतं. स्वतःच्या पायावर उभं राहायलाही आधी कुणीतरी वेळ विकत घेऊन द्यावा लागतो!

मग तुम्ही काय कराल? वाढदिवसाला एकदम दोन हजार टाकण्यापेक्षा महिन्याला दोनशे द्या, पण तीन वर्षं द्या. 'फक्त वह्या-पुस्तकांसाठी' असली अट घालू नका. देण्याआधी ऑडिट झालेला हिशेब जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि एक विचारा. कार्यकारिणीत त्या गावातले, त्या वस्तीतले किती जण आहेत, आणि चेकवर सही कोणाची चालते? उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर थोडं थांबा.

पुढच्या भागात 80जीची पावती कशी तपासायची ते बघू. तुमच्या गावात अशी संस्था असेल तर तिचा भाडं-पगार कशातून निघतो, ते विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू.