'धीर' ह्या शब्दाविषयी



आजच्या गुणगौरव समारंभात आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. आमचा जन्म खडू-फळ्यापाशी गेला. तेव्हा दोहोंऐवजी एकाच शब्दाविषयी बोलतो. तो शब्द म्हणजे 'धीर'.

शौर्य, पराक्रम, धाडस हे त्याचेच सोयरे. परंतु शौर्याला शत्रू लागतो, धाडसाला प्रसंग लागतो. धीर मात्र रोजच्या संसारातही लागतो. 'धी' म्हणजे बुद्धी आणि 'धृ' म्हणजे धारण करणे, अशा दोन्ही मुळांशी ह्या शब्दाचा संबंध जोडतात. नाट्यशास्त्रकारांनी नायक चार प्रकारचे सांगितले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. स्वभाव चार, पण धीरावाचून एकही नायक नाही!

रणांगणावरही तेच. कारवारकडील चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे ह्यांना परमवीरचक्र लाभले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर, मांडीला जखम झाली असताही, शत्रूच्या माऱ्यात सुरुंग काढून व अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांस वाट करून दिली. हे काम ८ तारखेपासून ११ तारखेपर्यंत चालले. पदकाच्या नावात 'वीर' हा शब्द आहे. पण एकेक सुरुंग काढणारा हात धीराचाच.

आपली मराठी म्हणते, धीर धरावा, धीर सुटतो, धीर खचतो. आणि विशेष हे की, धीर देता येतो. शौर्य कोणी कोणास देऊ शकत नाही.

येथे आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. आमचा एक विद्यार्थी शालान्त परीक्षेत अनुत्तीर्ण झाला व रडत आमच्याकडे आला. आम्ही त्यास मावळ्यांच्या पराक्रमावर व्याख्यान दिले आणि 'मर्दासारखा वाग' म्हणून वाटेस लावले. तो पुन्हा शाळेत आला नाही. त्यास शौर्य नको होते. घटकाभर जवळ बसून दिलेला धीर हवा होता. 'धीर देणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला, त्याचा वाक्यात उपयोगही करून घेतला. प्रसंगी मात्र आम्हांस तो सुचला नाही.

आज व्यासपीठावर यशस्वी मुलांचा सत्कार झाला, तो योग्यच झाला. पण ज्यांची नावे यादीत नाहीत, तीही मुले आपलीच आहेत. पुढील निकालाच्या दिवशी पेढे घेऊन जाल, तेव्हा शेजारच्या त्या गप्प घराचीही पायरी चढा. उपदेश करू नका; थोडे बसा. ह्या शब्दाचा खरा अर्थ तेथेच कळेल.

इत्यलम्.