पोवळ्यांची तटबंदी

पोवळें म्हटलें कीं, नवरत्नांच्या अंगठींतील तांबडा खडा डोळ्यांसमोर येतो. तो बहुधा भूमध्य समुद्रांतून आलेला असतो. आजच्या भाषणांतील पोवळीं त्याच्याच गोतांतलीं, पण निराळ्या धंद्याचीं आहेत. तीं समुद्रांत तट बांधतात.

असा सर्वांत मोठा तट ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारें २,३०० किलोमीटर पसरला आहे. त्यास ग्रेट बॅरिअर रीफ म्हणतात. ती सलग भिंत नसून सुमारें तीन हजार लहानमोठ्या प्रवाळखडकांची मालिका आहे. इ. स. १७७० च्या जून महिन्यांत कॅप्टन कुकचें ‘एन्डेव्हर’ जहाज रात्रींच्या वेळीं येथेंच आदळलें, आणि तोफा समुद्रांत टाकून भार हलका केल्यावर मोठ्या मिनतवारीनें सुटलें.

एवढा तट बांधणारा कारागीर बहुधा कांहीं मिलिमीटरांचाच, मऊ देहाचा असतो. जुन्या पुस्तकांत त्याला ‘प्रवाळकीटक’ म्हणत. पण तो कीटक नव्हे, समुद्रफूल नांवाच्या जलचराचा भाऊबंद आहे. पाण्यांतील चुना घेऊन तो घर बांधतो. तो गेला तरी घर राहतें, आणि त्यावर पुढची पिढी आपलें घर उभारते. त्याच्या देहांत डोळ्यांस न दिसणारें शैवाल बिऱ्हाड करून असतें. हें शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतील बराच मोठा वांटा भाडें म्हणून यजमानास देतें. पोवळ्यांचे रंगहि बहुतांशीं या भाडेकरूचेच.

हा संसार जवळून पाहण्याची सोय १९४३ सालीं झाली. फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें नवें यंत्र सिद्ध केलें, आणि दाबलेल्या हवेचें नळकांडें पाठीवर घेऊन पाणबुड्या मोकळा फिरूं लागला. मात्र दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून वर येतांना त्यास घाई करून चालत नाहीं.

तटाच्या उत्तर भागांतील ‘कॉड होल’ येथें माणसाएवढे ठिपकेदार मासे निर्भयपणें जवळ येतात. पोपटमासा चोंचीनें खडक खरवडतो, आणि त्याच्या पोटांतून बाहेर पडलेली पूड किनाऱ्याची पांढरी वाळू होते. विदूषकमासा समुद्रफुलाच्या विषारी बाहूंत खुशाल नांदतो. टाउन्सव्हिलच्या आग्नेयेस १९११ सालीं वादळांत बुडालेली ‘योंगाला’ आगबोट आहे. तिच्यावरील १२२ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. आज तिच्या पोलादावर पोवळीं रुजलीं आहेत; भोंवतीं कासवें व पाकट फिरतात. पाणबुड्यांस तिच्या आंत शिरण्याची मनाई आहे, कारण ती समाधि आहे.

हा सारा पसारा पोवळें आणि शैवाल यांच्या नात्यावर उभा आहे, आणि तें नातें फार नाजूक आहे. नेहमीच्या उन्हाळ्याहून पाणी एक-दोन अंशांनीं अधिक तापलें व कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर पोवळें आपल्या भाडेकरूस बाहेर काढतें. मग रंग जातो आणि आंतील पांढरा सांगाडा दिसूं लागतो. तेवढ्यानें पोवळें मरत नाहीं. पाणी वेळेवर निवलें तर शैवाल परत येतें. निवलें नाहीं, तर उपासमार. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ या सालीं ही आपत्ति मोठ्या प्रमाणावर आली. एकट्या २०१६ सालीं उथळ पाण्यांतील सुमारें ३० टक्के पोवळीं मेलीं. उजाडलेला खडक भरून यावयास दहा-दहा वर्षें लागतात. संकटें मात्र आतां दोन-दोन वर्षांनीं येऊं लागलीं आहेत.

पोवळ्यास हात लावूं नये, हा नियम पाणबुड्यास पाळतां येतो. समुद्र तापविणारा धूर मात्र जे त्या पाण्यांत कधींच उतरले नाहींत, त्यांच्या मोटारींतून, कारखान्यांतून आणि त्यांच्या घरीं दिवे लावणाऱ्या कोळशांतून निघतो.