शनिवार तेली आणि शाळेची घंटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले तीन महिने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद रंगलाय. शाळेची घंटा कुठे टांगलेली होती? अर्धे म्हणतात पिंपळाला, अर्धे म्हणतात व्हरांड्याच्या वाशाला. एकाने तर पिंपळच नव्हता असं जाहीर केलं. फोटो कोणाकडेच नाही. शेवटी संयोजक मला म्हणाले, तू सॉफ्टवेअरमधली, काय तो निकाल तूच लाव. निकाल मी लावणार नाही. पण त्यावरून मला आपल्याच किनाऱ्यावरची एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगते.

आपल्या या भागात शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबं होती. बोलणं मराठी, बायकांची लुगडी आपल्यासारखीच, आडनावं किहीमकर, चौलकर, पेणकर, रोहेकर. फरक एकच दिसायचा, शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं, ‘शनिवार तेली’. अलिबागची इस्राएल आळी तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याच बेने इस्रायल लोकांबद्दल मी बोलतेय.

आता त्या शेजाऱ्याच्या बाजूने बघा. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं आणि नेमका त्याच दिवशी तेल्याचा घाणा थंड! का, ते त्याला कळलेलं नसणार. शुक्रवारीच तेल आणून ठेवायचं, एवढं कळलं की त्याचं काम भागत होतं. घराच्या आत मात्र तोच दिवस शब्बाथ होता, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पाळायचा. बंद घाणा दोघांनाही दिसत होता. एकाला त्यात तेल्याची रीत दिसत होती, दुसऱ्याला देवाची आज्ञा. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. मशीन अमुक वाजता थांबलं, एवढं लॉग सांगतो. का थांबवलं, ते थांबवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

आणि त्या घरातल्यांना तरी पूर्ण ठाऊक होतं का? त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्या बुडाल्या. उरल्या त्या शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, एक छोटी प्रार्थना आणि मासे निवडायची पद्धत. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा यहुदी इथे आला. कधी आला, याबद्दल अभ्यासकांच्या मतांत काही शतकांचं अंतर आहे. त्याने म्हणे घरातल्या बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली, हे आपलेच लोक.

मला या कथेत राहाबीपेक्षा त्या बाईचं कुतूहल जास्त आहे. ती काही धर्मग्रंथाची साक्ष द्यायला बसली नव्हती. चिंबोरी, कोळंबी बाजूला ठेवताना तिच्या मनात ‘आमच्याकडे हे खात नाहीत’ एवढंच असेल. तुला काय वाटतं, असं तिला विचारल्याचं कथेत कुठे येत नाही.

पुढचा भाग मला जास्त टोचतो. १९४८ नंतर यातली पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे १९६०च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका काढली, पूर्वजांची चौकशी लावली. लोक रस्त्यावर उतरले. १९६४ साली तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. ज्यांची प्रार्थना एकच, त्यांनी वंशावळ मागितली. ज्यांना शब्बाथ हा शब्दही ठाऊक नव्हता, ते शेजारी पिढ्यान्‌पिढ्या वाकडं न बोलता राहिले. हे फार गोड करूनही सांगू नये. तेली म्हटलं की आपल्या उतरंडीत पायरी ठरलीच होती. पण पूर्ण कळलं नाही म्हणून शेजार मोडला नाही, हेही खरंच आहे.

आता थोडं विज्ञान, नाहीतर आमचे सर म्हणतील हिला शिकवलेलं वाया गेलं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलेली आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली उपकरणं बिघडवली असती, म्हणून नानाभॉय मूस संचालक असताना १९०४ साली ती इथे आणली. इमारत लोखंड टाळून बांधली. पृथ्वी एकच, पण कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा सारखा येत नाही, आणि दोन्ही बरोबर असतात. मग जुन्या नोंदी नव्यांना जोडायच्या कशा? १९०६पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. तेव्हा कुठे दोघांतला फरक हाती आला.

घंटेच्या वादाकडे येते. त्या वादात आपल्या एका वर्गमैत्रिणीने एकच मेसेज टाकला होता. तिच्या परवानगीने, नाव न घेता, सांगते. ‘घंटा पिंपळाला होती की वाशाला, मला आठवत नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की माशाचा डबा घेऊन कुठे बसायचं, हे शोधावं लागायचं, ते आठवतं.’ ती कोळीवाड्यातून यायची. त्याखाली बघता बघता उत्तरं आली, ‘अगं, असं काही नव्हतं गं!’, सोबत हसरे चेहरे. लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बाकावरून ते खरंच असेल. तिच्या बाकावर मात्र ती एकटीच होती. त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. आज ती आलेलीही नाही.

मी तिला फोन केला. तासभर बोललो. तिची शाळा मला सगळी दिसली असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी तिने दोनदा सांगितल्या, तरी माझ्या मनात आपलं जुनंच चित्र येत राहिलं.

संयोजकांना मी एवढंच सांगितलंय की स्मरणिकेत घंटेचा निकाल छापू नका. पिंपळवाल्यांनी पिंपळाची लिहावी, वाशावाल्यांनी वाशाची. ‘असं काही नव्हतं’ हे कोणाच्याही लेखाखाली टाकायचं नाही. तिलाही लिहायला सांगितलंय. बघते म्हणाली. रविवारपर्यंत मुदत आहे आणि दोन पानं कोरी ठेवली आहेत.