अभ्यासिकेतून चर्चासत्राच्या व्यासपीठावर
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. संशोधनावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आपल्या अभ्यासिकेतील दोन मुलींबरोबर आम्ही एका चर्चासत्राला गेलो होतो. दोघी एम. ए.च्या; त्यांतली एक जन्मापासून अंध. मराठीतील नोट्स अंध विद्यार्थ्यांना कितपत वाचता येतात, हा त्यांच्या निबंधाचा विषय.

पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर असते. 'एनव्हीडीए' त्यातलेच, ते फुकट मिळते. परंतु मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच ते मराठी नीट वाचते. जुन्या फॉन्टमध्ये आपल्या डोळ्यांना 'क' दिसतो, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षर नाहीतर एखादे चिन्ह असते. यंत्र तेच बोलते. फोटो काढून पाठवलेले पान तर त्याला निव्वळ चित्र. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये आली १९९१ साली!

आता गंमत पाहा. चर्चासत्राच्या पत्रकातच अट होती, की निबंध अमुक एका जुन्या फॉन्टमध्ये पाठवावा. म्हणजे जिने लिहिला, तिलाच तो वाचता येणार नाही. दोनदा पत्र लिहिले. छापखान्याची सोय तशी आहे, असे उत्तर आले. माघार घ्या, असे आम्ही रागाने म्हणालो. मुलींनी ऐकले नाही, हे बरे झाले. मैत्रिणीने रात्र जागून सगळा निबंध पुन्हा टाइप केला.

आदल्या रविवारी इथेच तालीम घेतली. आम्ही डोळे मिटून बसलो. मैत्रीण म्हणाली, "या तक्त्यात दिसते त्याप्रमाणे..." आम्ही विचारले, "काय दिसते?" मग तक्त्यातला प्रत्येक आकडा तोंडाने सांगायचा ठरले. पाच तक्ते होते, त्यांचे दोन झाले. मित्रांनो, एवढे तुम्हीही करा.

त्या दिवशी तिने मुद्दे ब्रेलमध्ये टोचून आणले होते. बोटे कागदावर, तोंड श्रोत्यांकडे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, हे सांगून तिने विचारले, "जागा मिळाली, पुस्तकाचे काय?" आणि आपलाच निबंध यंत्राला वाचायला लावला. नुसती इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम. पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक म्हणाले, "यंत्र बिघडले वाटते."

"नाही सर, हा आपल्या पत्रकातला फॉन्ट आहे."

चर्चासत्राचे पुस्तक पुढे त्याच फॉन्टमध्ये निघाले. पण आम्ही आयोजकांना कोणत्या तोंडाने बोलावे? आपली स्मरणिकाही गेल्या वर्षीपर्यंत जुन्याच फॉन्टमध्ये होती, आणि छापखान्याला आम्ही एकदाही विचारले नव्हते. यंदा विचारले. तो म्हणाला, "आधी सांगायचे ना!" या भाषणाची युनिकोड प्रत ग्रंथालयात ठेवली आहे, पेन ड्राइव्ह आणून ती घेऊन जावी.